बुडाशी तांबडं गवत

२ जानेवारी
फवारून पंधरा दिवस झाले. गव्हातलं गवत मेलं नाही. शेंडे पिवळे पडले होते, ते परत हिरवे. रुंद पानाचं तण सगळं गेलं, हेच तेवढं राहिलं. दिसायला गव्हासारखंच, म्हणून आधी ध्यानात येत नाही.
ह्यांना नांदेडला फोन. रेल्वेत ड्यूटीवर होते. म्हणाले, "औषध कमी घातलं असशील." म्हणजे चूक माझीच. पंप मीच पाठीवर घेतला होता. माप मला माहीत आहे.

४ जानेवारी
चाकूरला औषधाच्या दुकानात गेले. भांडले. रिकामा डबा काउंटरवर आपटला. दुकानदार शांत.
"ताई, ह्याच पेटीतले डबे दुसऱ्यांनी बी नेले. त्यांचं तण जळालं. तुम्ही किती वर्षं झाली हेच मारताय?"
पाच. दरवर्षी हेच, आणि गहूही त्याच रानात.
येताना एस.टी.त तेच डोक्यात. एवढं तोंड सोडायला नको होतं.

९ जानेवारी
लातूरहून शेतकीचे सर आले. दुकानदारानंच फोन लावला म्हणे. मी एवढं बोलूनही.
सरांनी गवताचं एक झाड उपटलं. बुडाशी तांबडं. बाजूचा गहू उपटला, त्याचं बूड पांढरं. असं ओळखायचं. म्हणाले, एकच औषध सारखं मारलं की मरणारं मरतं, ज्याला ते पचतं त्याचंच बी रानात पडतं. पण आत्ताच खात्री देत नाहीत. बी पिकलं की नेऊन कुंडीत लावणार, औषध मारून बघणार.
"हे आलं कुठून?" विचारलं.
"पाण्यातून, यंत्रातून. जास्त करून गव्हाच्या बियातूनच."
शेजारच्या शेवंताकाकूंनी यंदा माझ्याकडून बी नेलंय. मीच म्हणाले होते, विकत कशाला घेता, घरचं आहे.

१० जानेवारी
काकू बांधावर भेटल्या. "सुमन, माझ्या गव्हात लई गवत झालंय गं. उद्या दुसऱ्यांदा फवारते."
मी नुसतं हं म्हणाले. सांगितलं नाही.
रात्रीची भाकर करपली. तशीच खाल्ली.

११ जानेवारी
सकाळी उठल्या उठल्या काकूंच्या घरी गेले. त्या अंगणात पंपात पाणी भरत होत्या. म्हटलं, थांबा, त्यानं मरायचं न्हाई ते. माझ्याच बियातनं आलंय.
काकूंनी पाण्याची बादली खाली ठेवली.
"तुला कधी कळलं?"
"परवा."
"मंग काल का न्हाई बोललीस?"
काकू पंप तिथंच ठेवून घरात गेल्या. दार लावलं नाही, पण मला बसही म्हणाल्या नाहीत.

२४ जानेवारी
हातानं उपटायला घेतलं. बुद्धविहारात बायकांना शब्द टाकला होता, सहा जणी आल्या. आधी काकूंचं रान. काकू पार दुसऱ्या टोकाला, माझ्याकडे पाठ.
उपटलेलं बांधावर टाकायचं नाही, बी सांडेल; गोणीत भरायचं. बायका हसून बेजार. गवताला गोणी!
बोटं चिरली. मीठ लागलं की झोंबतं.

२७ जानेवारी
आज माझं रान. काकू न बोलावता आल्या. "तू पुढच्या ओळीला लाग, हितं मी हाय." दिवसभरात एवढंच बोलल्या.
निम्मंच झालं. हे रविवारी येणार आहेत. म्हटलं, औषधाचा डबा घेऊन नका येऊ, जुने कपडे आणा.

१६ मार्च
मळणीयंत्र आलं. मालक आधी माझ्या खळ्यावर लावत होता. म्हटलं, आधी काकूंचं काढ, माझ्यातलं बी त्यांच्याकडं जायला नको. काकू बाजूलाच होत्या, त्यांनी ऐकलं.
त्यांचा गहू बरा झाला. माझा पातळ. सरांनी गवताचं बी नेलंय, अजून काही कळवलं नाही.
संध्याकाळी काकूंनी एक पोतं बाजूला ओढलं.
"बियाला ठेवता?"
"ठरलं न्हाई. चाळून बघते."
चाळणीखाली बारके, काळपट दाणे पडले. मूठभर पण नाहीत. काकूंनी चार माझ्या तळहातावर ठेवले.
"हे तेच का गं?"
उजेडाकडं धरून पाहिले, उलटसुलट केले. मला ओळखता आलं नाही.