शेवटच्या पानावरची शेवटची ओळ

मुलुंड, १२ नोव्हेंबर

जयाताई,

कशी आहेस? भावजी, छोटी बरे ना? आम्ही इकडे ठीक. आईने ओटा नवीन करून घेतला. बाबांचा उजवा हात अजून उचलत नाय, बोलणं पण गेलंय, पण चहा पितात.

मी फोन बंद करून तांदळाच्या डब्यात लपवून ठेवलाय. नंदामावशी आज कांदिवलीला येतायत, म्हणून त्यांच्या हातून ही चिठ्ठी. तसं पण मला फोनवर बोलता येत नाय, तुला माहितेय.

बाबांच्या इंग्लिश पेपरला परत नवीन मालक आले. पहिला गोरा साहेब, मग पारशी शेट, मग शेटचा जावई, आता बीकेसीची कंपनी. शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात मुद्रक-प्रकाशक म्हणून बाबांचं नाव यायचं, आठवतं? पहिल्या दिवशी आईने त्या ओळीला हळदकुंकू लावलेलं. बाबांना इंग्लिश येत नाय, तरी बोट बरोब्बर तिथेच. "मालक बदलतत, खालचा नाव माझाच," म्हणायचे.

पण पेपरात कुणाबद्दल काय छापलं की कोर्टाची नोटीस त्याच नावाला येते. शेट होते तेव्हा वकील द्यायचे, स्वतः डबा घेऊन कोर्टात बाबांच्या बाजूला बसायचे. ही कंपनी फोन पण उचलत नाय. आता आसामच्या कोर्टात केस आहे, तिथल्या तारखेला बाबा खाटेवर, कसे जाणार? मागच्या आठवड्यात तिकडचे पोलीस दारात. वॉरंट होतं. दार मीच उघडलं. त्यांनी नाव वाचलं, खाटेकडे बघितलं, पुढची तारीख सांगून गेले.

मग कंपनीचे शौनक सर मिठाई घेऊन आले. आई औषधं आणायला गेलेली. म्हणाले, आता बाबांची सही चालणार नाय, नवीन नाव पाहिजे. तू एकोणीसचा, शाळा सोडून घरीच आहेस. नुसतं नाव रे. नाव दिलंस तर बाबांची केस आमचा वकील बघेल.

मी हो नाय म्हटलं आणि नको पण नाय म्हटलं. बाहेरच्यांसमोर माझं तोंडच उघडत नाय. त्यांनी माझ्या आधारचा फोटो काढला, लॅपटॉपवर फॉर्म भरला. माझ्या फोनवर ओटीपी आला. म्हणाले, सांग.

तेव्हाच बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. मला वाटलं पाणी पाहिजे.

नाय ताई, खोटं लिहिलं. पाण्यासाठी ते पेला वाजवतात. मला कळलं होतं. तरी मी आकडे सांगितले. बाबांना नेतील याची भीती होती. ती अजून आहेच, आता माझी पण आहे.

वकिलाचा पत्ता नाय. जिन्यात बूट वाजले की मी मोरीत जाऊन उभा राहतो. आईला वाटतं पोट बिघडलंय. तिला काय माहीत नाय.

उद्याचा पेपर घे. शेजारचे काका म्हणतात, त्या ओळीत मालकाच्या जागी कंपनीचं नाव असतं, माणसाचं नाय. तू शिकलीस, नीट वाच. त्या नावामागे कुणी माणूस दिसतो का बघ.

आणि ये. तुझ्या लग्नावरून बाबांनी या घरात पाय ठेवू नको म्हटलेलं. पण आता या घरात बोलणारं कुणीच नाय, ताई.

पूर्ण नाव लिहितोय. उद्या असंच छापणार आहेत.

तुझा भाऊ,
हर्षद राजाराम घाडी