ओलं गोणपाट

२ मार्च

आलो एकदाचे! आईला खुर्चीसकट तीन जिने खाली उतरवताना दोन्ही हमालांची दमछाक झाली आणि ही वर बसून त्यांनाच सूचना देत होती, की भिंतीचा रंग खरवडू नका रे, घरमालक आमच्या नावाने बोटं मोडेल. सहा महिन्यांनी तिचं बाहेर पडणं झालं. टेम्पोत पुढे बसायला मिळालं म्हणून स्वारी खूश.

झाडांच्या नर्सरीतली ही नोकरी मी पगारासाठी घेतलेली नाही, या घरासाठी घेतली आहे. दोनच खोल्या, पण तळमजल्यावर. कुठे एक पायरी नाही की उंबरठा नाही. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की थेट काचघर. हिरवं, दमट, पाण्याचे थेंब टपटपणारं. आईने दारातून बघितलं आणि म्हणाली, आता मरायला हरकत नाही. मी म्हटलं, आधी सामान लावून होऊ दे.

पाय तसाच आहे. डाव्या अंगठ्याखालची जखम चार महिने भरत नाही. साखरेमुळे गुडघ्याखाली तिला दोन्ही पायांत काही कळतच नाही, सुई टोचली तरी नाही. डॉक्टरांनी निघताना मला बाजूला घेऊन बजावलं, की जखम काळी पडली तर पाय कापावा लागेल. कुजबुज कशाची, आईने सगळं ऐकलं. पाय घेऊन आलेय, पाय घेऊनच जाणार, असं तिने डॉक्टरांना ठणकावून सांगितलं आणि गाडीत बसल्यावर माझ्याकडून वचन घेतलं. दिलं मी. दुसरं काय करणार?

५ मार्च

काम समजलं. ऑर्डरी घ्यायच्या, कुंड्या तपासायच्या, ट्रक भरून द्यायचा. आणि सकाळी गोणपाटं उचलायची.

हा प्रकार कात्रीकाकांनी दाखवला. काका इथले सगळ्यांत जुने माळी, कमरेला कायम कात्री, म्हणून हे नाव. वाफ्यांच्या कडेने ओली गोणपाटं पसरलेली असतात. सकाळी ती उलटायची. काकांनी पहिलं उलटलं आणि मी दोन पावलं मागे सरकले. खाली काळपट तपकिरी, ओल्या चामड्याच्या पट्ट्यांसारखे किडे एकमेकांत गुंतून पडले होते. पाठीवर मधोमध एक फिकट रेघ. चकाकणारे, बुळबुळीत. इथे सगळे त्याला ‘फीत’ म्हणतात. काका एकेक फीत दोन बोटांत उचलतात, कात्रीने कच्चकन दोन तुकडे करतात आणि खाली टाकतात. तुकडे झाडून खताच्या ढिगात.

फीत इथली नव्हे. आधी इथे मुठीएवढ्या शंखांच्या गोगलगायी आल्या होत्या, कुठल्या तरी लांबच्या देशातल्या. त्यांनी रोपं फस्त केली. मग मालकांनी परदेशी पाम मागवले, त्यांच्या मातीतून फीत आली आणि तिने त्या गोगलगायी संपवल्या. मालक तर अजून तिचे गुण गातात. पण विकायच्या कुंडीवर फीत चढली की गिऱ्हाईक किंचाळतं, म्हणून ही रोजची कापाकापी.

दुपारी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच खाली ठेवला. आई हसून लोटपोट. लहानपणी दुधावरची साय बघून ओकणारी पोरगी आता किडे कापते, म्हणाली.

९ मार्च

आई आता दिवसभर काचघरातच असते. डॉक्टरांनी रोज थोडा वेळ पट्टी काढून जखमेला हवा लागू द्यायला सांगितलंय, ती तिथेच बसून लागू देते. काकांशी तिची गट्टी जमली आहे. फरशी गार लागेल, खरखरीत आहे, म्हणून काकांनी तिच्या खुर्चीखाली एक घडी घातलेलं ओलसर गोणपाट टाकलं. ओल नको, असं मी म्हणत होते. आई म्हणाली, पायाला कुठे काय कळतंय, पण डोळ्यांना तरी बरं वाटतं, पाय मऊ जागेवर आहेत म्हणून. काका ते रोज प्रेमाने भिजवतात.

आईने काकांना पट्ट्यापट्ट्यांच्या बारक्या गोगलगायींबद्दल विचारलं. करंगळीच्या नखाएवढ्या, प्रत्येक पानाखाली दोन तरी. तिच्या लहानपणी असायच्या म्हणे. काकांना आठवत होत्या. पण बघून बरीच वर्षं झाली, म्हणाले.

आज एक दिसली, आणि न दिसती तर बरं झालं असतं. फितीने तिला वेटोळं घातलं होतं. मला वाटलं चावत असेल. चावत नाही. तिला तोंडच नाही, म्हणजे तोंडाच्या जागी नाही. पोटाच्या मधोमध एक भोक, त्यातून पांढरी नळी बाहेर येते, ती शंखात घालते, आत काहीतरी सोडते आणि सगळं पातळ होईपर्यंत थांबते. मग पिते. शंख मागे राहतो, धुतल्यासारखा लख्ख.

मीही आता कात्री घेतली आहे. पहिली फीत डोळे मिटून कापली. आज अख्खं गोणपाट एकटीने निपटलं. आता सवयीने कात्री एप्रनच्या खिशातच असते.

१७ मार्च

इथे काहीतरी कमी आहे असं पहिल्यापासून वाटत होतं. आज कळलं. पक्षी नाहीत. एवढी झाडं, आणि सकाळी एक चिवचिव नाही. बेडूक नाही. मातीत गांडूळ नाही, चार वाफे उकरून बघितले. कुंडीत पाणी घातलं तर वरच तळं साचतं, माती पाटीसारखी घट्ट. आणि वास. आंबलेल्या पाण्यात फडकं विसरावं तसा. तो माझ्या केसांत बसला आहे, दोनदा न्हाले तरी जात नाही.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, मॅडम, उलट किती स्वच्छ आहे बघा, किडा नाही की मुंगी नाही. माती घट्ट झाली तर खत घाला. खत म्हणजे तोच ढीग, ज्यात तुकडे जातात. तोच ढीग कुंड्यांत आणि कुंड्या ट्रकमध्ये.

पण आज आनंदाची गोष्ट. आईची जखम सुधारते आहे! कडेचं ते पिवळं, घाण मांस गेलं. आत गुलाबी. वासही नाही. काळजावरचा दगड उतरला.

२४ मार्च

डॉक्टर येऊन गेले. चष्मा वर करून, खाली करून बघत बसले. इतकी साफ जखम मी करूनही होत नाही, म्हणाले. काय लावता? मी काहीच लावत नाही. आई म्हणाली, हवा मानवली. डॉक्टर गेल्यावर आम्ही दोघी मोठ्यांदा हसलो. तिने मला जवळ घेतलं, बऱ्याच वर्षांनी.

संध्याकाळी चहाच्या कपाच्या कानात बोट घातलं तर गार, ओलं लागलं. फीत. कानाभोवती गुंडाळलेली. कप फेकला, फुटला. बोट साबणाने घासघासून सोललं, तरी बुळबुळीत वाटतंय. लिहिताना पेन घसरतंय असं वाटतं. उगाच.

२८ मार्च

मी एक मूर्खपणा केला, म्हणजे एक शहाणपणा. कापलेली फीत मरते तरी किती वेळात, हे बघायला, आले त्या आठवड्यातच एका फितीचे दोन तुकडे काचेच्या बरणीत, ओल्या मातीवर ठेवले होते. फडताळात ठेवून विसरले. आज बरणी हाताला लागली.

तुकडे मेलेले नाहीत. मागच्या तुकड्याला डोकं आलंय. पुढच्याला शेपूट. दोन फिती. दोन्ही अखंड, दोन्हींच्या पाठीवर रेघ. काचेवर पोट चिकटवून वर चढत होत्या, आणि दोन्हींच्या पोटात भोक.

काकांना बरणी दाखवली. ते वाफ्याच्या कडेवर बसले, कमरेची कात्री काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, ताई, मग आपण इतकी वर्षं काय पेरत होतो? मला रडू आलं. त्यांच्यासाठी, आणि माझ्या हातांची शिसारी येऊन.

मालकांनी बरणी बघितलीसुद्धा नाही. बाहेर बोलाल तर घर खाली करावं लागेल, म्हणाले. आज दोन ट्रक गेले. एक शाळेला, एक इस्पितळाला, आत ठेवायच्या शोभेच्या कुंड्या.

घर खाली करायचं तर आईला घेऊन कुठे जाऊ? मूग गिळून बसले.

१ एप्रिल

कापणं बंद. आता मीठ. मीठ टाकलं की आक्रसतात, फेस येतो, विरघळतात. दारांना मिठाच्या रेघा. तरी मोरीत तीन. पिठाच्या डब्याच्या झाकणाखाली एक. टूथब्रशवर— नको, लिहवत नाही.

गोगलगायी संपल्या, गांडुळं संपली. काका म्हणतात, भुकेल्या आहेत, म्हणून घरात येतात. ओलं आणि मऊ शोधतात.

सगळी गोणपाटं गोळा करून जाळायची ठरवली. एकेक उलटत गेलो. शेवटी एकच उरलं. घडी घातलेलं, आईच्या खुर्चीखालचं.

ते टाकल्यापासून कुणीच उलटलं नव्हतं. ते वाफ्यावरचं नव्हतं ना. आईचं होतं.

काकांनी घडी उघडली. आत— जागाच नव्हती. गुंता. आणि त्या लठ्ठ होत्या. बाकीच्या सगळ्या रोडावलेल्या, आणि या लठ्ठ.

मी काकांकडे बघितलं नाही. त्यांनीही नाही.

त्याच दिवशी, दुपारी

पट्टी सोडली. जखम साफ आहे. फारच साफ आहे. कडा गोल, जणू कुणी चमच्याने कोरलंय. आत बॅटरी मारली. खोल. हाड दिसतं, पांढरं, लख्ख.

तो शंख आठवला. बाहेर जाऊन ओकले.

आईने विचारलं, भरत आली का गं? मी हो म्हटलं.

२ एप्रिल

डॉक्टर बाहेरगावी. उद्या सकाळी येतो, असं फोनवर म्हणाले. जखम झाकू नका, मीठ तर मुळीच घालू नका. दुसऱ्या कुणाला बोलवू? काय सांगू?

आईची करंगळी दाबली तर आत गेली. वरून कातडी नीट आहे. आत काही नाही. रिकाम्या मोज्यासारखी.

तिला काहीच दुखत नाही. ती गाणं गुणगुणते आहे.

३ एप्रिल, सकाळी

दिसली. जखमेच्या तोंडाशी. आधी पांढरी नळी, मग ती काळपट पाठ, ती रेघ. बाहेर डोकावली, वळली, परत आत जायला लागली. चिमट्याने धरली. ताणली. येईना. आत कशाला तरी चिकटलेली, ताणून दोरीसारखी बारीक झाली. निसटत होती. निसटतच होती. माझा हात खिशात गेला—

मी विचार केला नाही. देवाशपथ, विचार केला नाही. सवय.

कच्चकन.

अर्धी माझ्या चिमट्यात. अर्धी आत गेली.

मीच कापली. माहीत असून. आईच्या पायात.

त्याच दिवशी, नंतर

डॉक्टर आले. बॅटरी मारून बघितलं आणि तोंडावर रुमाल धरला. डॉक्टरने! म्हणाले, आत एकच नसेल, आत्ताच्या आत्ता इस्पितळात. गुडघ्याखाली कापला तर बाकी शरीर वाचेल. तेवढा वेळ आहे. ते पुढे जाऊन तयारी करताहेत, गाडी पाठवतो म्हणाले.

वचन मोडलं. आईच्या समोर गुडघ्यांवर बसले, सगळं सांगितलं. गोणपाट, नळी, कात्री. सगळं. तिने माझे हात हातात घेतले. मी मागे ओढत होते, माझ्या हातांची मलाच किळस, तिने सोडले नाहीत. म्हणाली, जाऊ दे गं तो पाय. तसाही तो माझा कधीचा राहिला नव्हता. कापू दे. रडू नको वेडे.

तिने कापू दे म्हटलं. ती वाचेल. पाय जाईल, ती राहील. गाडी येईपर्यंत लिहून ठेवते.

गाडी अजून नाही. काका फाटकाशी उभे आहेत.

आई गुणगुणायची थांबली. विचारलं, काय होतंय. म्हणाली, काही नाही, गुदगुल्या होताहेत.

तिला पायात काही कळत नाही. गुडघ्याखाली तिला काही—

विचारलं, कुठे. तिने हात मांडीवर ठेवला. वर. गुडघ्याच्या बराच वर.

फाटकाचा आवाज. गाडी आली. आई, आली गाडी. बस. हलू नको. मी आलेच—

ती म्हणते, घाई नको करू. म्हणते, एक नाही गं. दोन आहेत. एक इथे मांडीत थांबलीय आणि दुसरी वर, पोटात, ही बघ, इथे, आता ती—