एक जूनला जन्मलेले दोन मामा

कामशेत,
भातकापणी उरकल्यानंतरचा मंगळवार

राजमान्य राजेश्री केरबाभाऊ यांना धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे राजेंद्रचा, वाकून रामराम. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे. पण इकडची खुशाली सध्या तुमच्याच हातात असल्यामुळे तो शब्द तूर्त राखून ठेवतो. तुमचा गुडघा कसा आहे? (लग्न जवळ आलं की दुखायला लागतो आणि बैलपोळ्याला आपोआप थांबतो, असा गुडघा मी दुसरा पाहिला नाही.) इंद्रायणी भात यंदा कसा उतरला? कपिला व्याली का? तुम्ही फोन उचलत नाही, आणि आंदर मावळात यायचं तर एसटी एका दिवशी नेते आणि कधी परत आणेल ते सांगत नाही, म्हणून हे पत्र.

तर आपल्या राजेश्वरीचं लग्न ठरलं. मुलगा बेडशाकडचा, शांत आहे, आपल्या घरात टिकेल. सगळं जुळलं आणि गाडी पत्रिकेवर येऊन अडली. आपल्याकडे लग्नाची पत्रिका कुणी वाचत नाही, ती तपासतात. पाव्हणा आधी आपलं नाव शोधतो, मग ते कुणाच्या खाली आलं ते बघतो, मग मोजून घेतो की अक्षर शेजाऱ्याइतकंच जाड आहे ना, आणि एवढं झाल्यावर जीव उरला तर लग्न कुणाचं आहे ते विचारतो. आमच्या सार्थकच्या लग्नात काय झालं ते मी सांगायला नको. छापखान्यातल्या माणसानं नावं अकारविल्ह्यानं लावली, त्यात तुमचा धाकटा भाऊ अमृत वर गेला आणि तुम्ही खाली आलात. तुम्ही अक्षता पडायच्या आधी जीपमध्ये बसून निघून गेलात. (जेवण मात्र डब्यात नेलंत, हे तुमच्या बहिणीनं मला फार उशिरा सांगितलं.) तेव्हापासून ती माहेरी आलेली नाही, आणि दिवाळीला तुमच्या घराच्या दिशेनं तोंड करून फराळ करते. मला ते बघवत नाही भाऊ, हे सरळच लिहितो.

म्हणून यंदा मी ठरवलं की नावं माणसानं लावायचीच नाहीत. माणसानं लावली की बोल माणसाला लागतो. यंत्रानं लावली की भांडायला कुणी सापडत नाही. आणि यंत्र आपल्या घरातच आहे, आपल्या सुनेच्या खोलीत. सारिका दिवसभर दार लावून काय करते हे मला सार्थकच्या लग्नानंतर बरेच दिवस कळलं नव्हतं. तिच्या कंपनीत कायद्याची न् औषधांची जाडजूड पुस्तकं होतात. त्यांचा मजकूर एक्सएमएल नावाच्या रीतीनं येतो. म्हणजे प्रत्येक गोष्टीच्या आधी आणि नंतर एकेक खूण घालायची: इथं नाव सुरू, इथं नाव संपलं, इथं गाव सुरू, इथं गाव संपलं. कुणी कुठं बसायचं, अक्षर केवढं, हे तिथं लिहायचंच नाही. फक्त कोण काय आहे तेवढं सांगायचं. मग पान मांडणारा निराळा, त्याचं नाव टेक. आणि या दोघांच्या मध्ये निरोप्यासारखा पळणारा तिसरा, त्याचं नाव लुआ. (लुआ म्हणजे पोर्तुगीज भाषेत चंद्र, असं सारिका म्हणाली. आमच्या म्हाताऱ्या मुक्ताआत्यानं देवाचं नाव ऐकल्यासारखा लगेच पदर डोक्यावर घेतला.) लुआ खुणा वाचतो, त्यातून माणसं उचलतो, सांगितलेल्या नियमानं रांगेत लावतो आणि टेकच्या हवाली करतो.

त्या टेकचं तर मला फार कौतुक वाटलं. पहिली ओळ कुठं तोडायची हे ठरवताना तो परिच्छेदातल्या शेवटच्या ओळीची अडचणसुद्धा बघून घेतो. पंगतीत पहिला पाट मांडताना शेवटच्या माणसाला जागा उरेल का हे बघणारा यजमान आपल्या मावळात आता कोण राहिला आहे? आणि जोडाक्षरं अशी काढतो की झुंबरबाई ज्ञानदेव क्षीरसागर हे सबंध नाव कुठंही न मोडता आलं. मी ते चष्मा काढूनही बघितलं, घालूनही बघितलं.

सारिकानं मला समोर बसवलं आणि विचारलं, आबा, नियम काय? मी म्हटलं, त्यात काय, वडीलधारी आधी. ती म्हणाली, मग सगळ्यांच्या जन्मतारखा आणा. मी आधारकार्डं गोळा केली, आणि भाऊ, तुम्हाला तर ठाऊकच आहे, आपल्या पिढीत कार्ड बघावं त्याची तारीख एक जून. गुरुजींनी शाळेत घालताना ज्याची तारीख माहीत नाही त्याची एक जून लिहिली, आणि माहीत कुणाचीच नव्हती. त्यातही तुमची कमाल अशी की तुम्ही गुरं राखत राहिलात, अमृत मोठा झाला, आणि तुमच्या वडलांनी दोघांना एकाच दिवशी शाळेत नेऊन सोडलं. गुरुजींनी दोघांचं सालही एकच लिहून टाकलं. सरकारदरबारी तुम्ही दोघं एकाच दिवशी जन्मलात आणि जुळे मात्र नाही. (तुमच्या आईनं हे कसं साधलं, ते सारिका बोटांवर मोजून बघत होती.)

पहिला कागद निघाला तेव्हा घरात हाहाकार झाला. पत्रिकेच्या तळाला पोराटोरांची ओळ असते ना, ‘आमच्या राजूताईच्या लग्नाला यायचं बरं का’, तिथं शाळकरी पिंकीच्या शेजारी आमची मुक्ताआत्या जाऊन बसली होती. आत्या शाळेत गेलीच नाही, तिचं कार्डही सापडेना, म्हणून तारखेची जागा रिकामी. आणि सारिकानं लुआला सांगून ठेवलं होतं की तारीख रिकामी असेल तर ते लहान मूल समजावं, कारण लहान मुलांच्या तारखा कुणी दिल्याच नव्हत्या. सारिका बिचारी पांढरी पडली. पिंकीनं ती ओळ आत्याला वाचून दाखवली. आत्या इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग म्हणाली, “इतक्या वर्सांत मला कुनी ल्हान म्हनलं न्हाई. ऱ्हाऊ द्या तितंच.”

दुसऱ्या कागदावर तुमचं नाव अमृतच्या वर आलं. मी पेढे आणायला निघालो होतो. तेवढ्यात तुमच्या बहिणीला विसरलेला एक चुलतसासरा आठवला, तो घातला, तर अमृत वर आणि तुम्ही खाली. मी विचारलं, भाऊंना कुणी हलवलं? सारिका म्हणाली, कुणी नाही आबा, जे बरोबरीचे आहेत त्यांच्यात आधी कोण याचं वचन लुआ देत नाही. मी हे वाक्य दोनदा म्हणायला लावलं. बरोबरीच्या माणसांत आधी कोण, याची फिकीर न करणारा कुणीतरी जगात आहे, आणि तो आपल्या कामशेतच्या घरात राहतो! आपण दोन पिढ्या याच एका गोष्टीपायी एकमेकांच्या दारात गेलो नाही. मला त्या लुआचा हेवा वाटला.

पण हेवा करून पत्रिका होत नाही. सारिका म्हणाली, तारीख सारखी आली तर लावायला दुसरा नियम द्या. मी पुष्कळ विचार केला. शेवटी सुचवलं की जो जास्त रुसतो तो आधी, प्रत्येक नावाला रुसव्याचा आकडा देऊ. ती म्हणाली, आबा, हा नियम बाहेर फुटला तर सगळं मावळ रुसेल. मला ते पटलं. (शिवाय तुम्हाला हरवणारा कुणी निघाला असता तर तुम्ही त्यावरही रुसला असता.) तर असं सगळं आहे. सुनेची हुशारी तुम्हाला कळावी एवढ्याचसाठी हे लिहिलं, दुसरा काही हेतू नाही. वहिनींना नमस्कार, कपिलेच्या पाठीवरून हात फिरवा.

तुमचा,
राजेंद्र

ता.क. हे पत्र मी तोंडी सांगितलं आणि सारिकानं त्याच यंत्रातून काढलं. कंसांत मी जे काही बोललो ते फक्त तिच्या करमणुकीसाठी होतं. त्याला ‘खासगी’ अशी खूण घालून ते गाळायला बजावलं आहे. चुकून एखादा कंस दिसलाच तर यंत्राचा दोष समजावा. (ती हसत का होती ते मला कळलं नाही.)

आणखी एक राहिलं. परवा अमृत आला होता. कागद बघितला, आत्याची ओळ बघितली आणि सारिकाच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, “पोरी, माज्या नावाम्होरची तारीख काडून टाक. मला त्या पोरांत बसीव. दादा वर एकटा ऱ्हाऊ दे.” भाऊ, तुमचा धाकटा भाऊ आता पिंकी आणि मुक्ताआत्याच्या मध्ये आहे, आणि वर ‘मामा’ या खुणेखाली तुमचं एकट्याचं नाव आहे.

आणि शेवटचं. एवढं झाल्यावर सारिकानं कळ दाबली, तर पान यायच्या ऐवजी लाल अक्षरात ओळ आली: मामाचा होकार नाही, पत्रिका होणार नाही. मी म्हटलं, अगं चूक दुरुस्त कर, छापखानेवाला खोळंबलाय. ती म्हणाली, आबा, ही चूक नाही, राजूताईंनी माझ्या शेजारी बसून घालून घेतलेली अट आहे. मी राजेश्वरीकडे गेलो. ती म्हणाली, “मामा मांडवात न्यायला येणार नसेल, तर लोकांना कशाला बोलवायचं आबा?” तिनं फोन जवळ ठेवला आहे. तुमच्याकडे वाजला की उचला आणि नुसतं ‘व्हय’ म्हणा. पुढचं लुआ बघेल.