पितृपक्षात आनलेला आरसा

अर्ध्या घंट्याचं काम होतं. अर्ध्या घंट्याचं! आन तुमी त्यापायी जीव देऊन बसले.

गुड्डीचे आजोबा, बसून वाचा. रडाले नाही लिहून राहिली. आज आपल्या गाडीचा उजवा आरसा मी सोता बसवला, म्हणून लिहून राहिली.

मागच्या साली म्हशीनं शिंग मारून तो फोडला, तवाच म्हटलं होतं, गोंदियाले जा, नवा आना. तुमी काय म्हणाले? "पितृपक्ष आहे. या पंधरा दिवसांत नवी चीज घरात आनली का पितरं कोपतात." वा! आन आरशाबिगर गाडी हाकली तर कोपत नाहीत? गोरेगावच्या फाट्यावर उजवीकडे वळले, मागचा टरक दिसलाच नाही. गाडी झाडावर. गाडी सुधरली, तुमी नाही. तसे जित्तेपणी तरी कुठं सुधरले होते!

तुमचं जाऊ द्या. बाजूले नात बसली होती ना? बारा वर्षांच्या पोरीची डाव्या हाताची मूठ अजून वळत नाही. माझं बी चुकलंच. नुसतं तोंड चालवलं, चाबी लपवली नाही.

आता तुमचा दिलीप. सालभर गॅरेजात पडलेली गाडी परवा आली, आरशाबिगरच, आन उद्या पोरीले तिच्यातच डॉक्टरकडे नेनार. "आरसा काऊन नाही बसवला रे?" म्हटलं, तर म्हणते, "आई, पितृपक्ष सरू दे, मंग आनतो."

"घरात एक पितर वाढला, पुरला नाही का तुले?" म्हटलं, आन गोंदियाच्या एसटीत बसली. आरसा घेऊनच घरी आली.

दाराच्या आतलं तिकोनी प्लास्टिक भाजीच्या चाकूनं उचकटलं. तीन स्क्रू. गुड्डीनं बाहेरून एका हातानं आरसा धरला, मी आतून आवळला. एक स्क्रू दाराच्या पोटात पडला. खुळखुळू द्या. दिलीप ओसरीतून वरडून राहिला, "आई, बाबूजी कोपतील!" कोपा ना! आता तुमीच पितर आहा. घडीभर वाट पाहिली. काहीच झालं नाही. त्याचाच राग आला जास्त.

सर्वपित्रीले तुमचं ताट वाढीन, वडे बी करीन. पण दरसाली पितृपक्षातच या गाडीसाठी एक नवी चीज आनीन, हे माझं वचन.

गुड्डी इचारते, "आजी, आजोबानं मान वळवून काऊन नाही पाहिलं?" मी नाही सांगनार. तिच्या सपनात जा आन तुमीच जबाब द्या. बापदादाले पुढं करू नका.

मागं राहिलेली,
कौसल्या