कर्नलला कोणी चोरेना

२४ ऑगस्ट
आजपासून मी चॅप्टरचा, म्हणजे आमच्या फ्रॅटर्निटीच्या या कॉलेजातल्या शाखेचा, प्रेसिडेंट. निवड बिनविरोध. डेक्स उभा राहणार होता, पण त्याला झोप लागली. तोच व्हाइस प्रेसिडेंट.
वरच्या ऑफिसचं म्हणणं असं की एप्रिलपर्यंत घरात निदान दहा जण हवेत, नाहीतर चॅप्टर बंद आणि घर रिकामं करायचं. सध्या आम्ही सहा. मी टार्गेट चाळीस ठेवलंय. जिन्यातल्या जुन्या ग्रुप फोटोत बाबा आहेत, दुसऱ्या ओळीत, मिशीसकट. माझ्या हातून हे घर बंद पडणार नाही.

५ सप्टेंबर
रश वीक. कुठल्या फ्रॅटर्निटीत राहायचं ते ठरवायला नवी पोरं घरं बघत हिंडतायत. आम्ही अंगणात बर्गर भाजले. पोरं आली, बर्गर खाऊन समोरच्या फ्रॅटर्निटीत गेली. डेक्स म्हणाला, आपण त्यांची खानावळ झालोय. त्याला निगेटिव्ह बोलू नकोस म्हणून सांगितलं.

९ सप्टेंबर
एकाने आमचं निमंत्रण स्वीकारलं. टोबिन. आयोवाचा, अबोल, बूट दाराबाहेर काढतो. निवड कडक ठेवली की असंच व्हायचं.

३ ऑक्टोबर
होमकमिंग, म्हणजे कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, जवळ आलं. दरवर्षी त्या आठवड्यात समोरचे येऊन आमच्या हॉलमधल्या फायरप्लेसवरचं पेंढा भरलेलं हरणाचं डोकं पळवतात. त्याचं नाव कर्नल. मग आम्ही कोट-टाय घालून त्यांच्या अंगणात आमचं गाणं म्हणायचं, की ते कर्नलला परत देतात आणि वर बिअर पाजतात. गेल्या वर्षीही नेलं होतं, एक कान तेव्हाच तुटला. यंदा माझ्या राजवटीत हे चालणार नाही. नवं कुलूप आणलं. टोबिनला पहाऱ्यावर बसवलं.

१२ ऑक्टोबर
होमकमिंग संपलं. कर्नल जागच्या जागी. पहिला विजय. टोबिन म्हणतो, कोणी फिरकलंच नाही, माझं केमिस्ट्री मात्र वाचून झालं. समोरचे घाबरले असणार.

१३ ऑक्टोबर, दुपार
कुलूप काढून ठेवलं. त्याची किल्ली अडकते.

२ नोव्हेंबर
दार सताड उघडं ठेवतोय. एक खार आत येऊन गेली. थंडी वाजते म्हणून दोघांनी घर सोडलं. डेक्सला समोर पाठवलं, कर्नल दिवसभर एकटाच असतो असं सहज बोलून ये म्हटलं. तो तिथे जेवूनच आला. म्हणाला, बोललो मी, पण ते म्हणाले की यंदा परीक्षा आहेत. मला काही वाटलं नाही. दार थोडं आणखी उघडलं.

१४ जानेवारी
संकल्प: रोज पहाटे उठणे, रोज तीन नव्या मुलांशी ओळख.
अकराला उठलो. पिझ्झावाल्याशी ओळख झाली. त्याला दोन मुली आहेत.
डॉ. हॉल्बर्टचा फोन. आमचे माजी सदस्य आणि सल्लागार, पेशाने दातांचे डॉक्टर. कसं चाललंय विचारलं. उत्तम म्हटलं. त्यावर म्हणाले, माझ्या खुर्चीत बसणारे सगळे असंच म्हणतात.

२० फेब्रुवारी
यंदाचा ग्रुप फोटो. फोटोग्राफरने विचारलं, बाकीचे कधी येणार? डेक्सने त्याला सांगितलं, आलेत तेच बाकीचे. टोबिनची लॅब होती.

१० मार्च
टोबिन खोलीत आला. बराच वेळ माझ्या टेबलावरचा स्टेपलर उघडझाप करत बसला. मग म्हणाला, मी समोर जातोय, सॉरी, इथे फार एकटं वाटतं. मी हात मिळवला, शुभेच्छा दिल्या, आणि कपडे धुवायला गेलो. रडू येईल वाटलं होतं. आलं नाही.
पण जमेची बाजू: शत्रूच्या गोटात आता आपला माणूस आहे.

१ एप्रिल
डॉ. हॉल्बर्ट स्वतः आले. चॅप्टर बंद, म्हणाले. तारीख आठवून मी हसलो. ते हसले नाहीत. दारावरची आमच्या नावाची ग्रीक अक्षरं त्यांनीच स्क्रू फिरवून काढली. शिडी मी धरली. बाबांना फोन करायचा आहे. उद्या करीन.

४ मे
बाबांना फोन अजून उद्याच करतोय. डेक्स सामान घेऊन गेला. जाताना मिठी मारली आणि म्हणाला, तू झोपत जा.
घरात मी आणि कर्नल. विचार केला, त्यांना परीक्षेमुळे वेळ मिळाला नसेल. मीच कर्नलला उचलून समोरच्या पोर्चवर ठेवून आलो. कोटाला इस्त्री केली. गाण्याचं दुसरं कडवं आठवत नव्हतं, ते पाठ केलं.

५ मे, सकाळ
कोट घालून निघणार तोच बेल वाजली. टोबिन, हातात कर्नल. म्हणाला, कोणीतरी आमच्या पोर्चवर टाकून गेलं होतं, तुम्ही शोधत असाल म्हणून आणला. धूळ पुसली होती. तुटलेला कान चिकटवला होता. मी थँक यू म्हटलं. गाणं म्हणू का, असं विचारणार होतो, पण तो बूट काढायला लागला, आणि मग आत कोणीच नाही हे बघून त्याने ते परत घातले.

७ मे
बाबा गाडी घेऊन आले. फोन न करताच त्यांना कळलेलं होतं. कर्नलची शिंगं खिडकीबाहेर. वाटेत ते एवढंच म्हणाले, आमच्या वेळी तीनदा चोरला होता. मग घरापर्यंत रेडिओ.
आईने त्याला गॅरेजमध्ये टांगायला लावलं. मी तिला सांगून ठेवलंय, गॅरेजला कुलूप लावू नकोस.