पहिली बाजू एकोणीस मिनिटांची

नांदेड
दि. ११ जुलै, शुक्रवार

अहो,

आज सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी धक्का बसला. लहानच होता. मी कणीक मळून झाकून ठेवली होती आणि तवा तापत होता. ओट्यावरचे ग्लास वाजले. गॅस बंद करून मी बाहेर पळाले. आमच्या मुख्याध्यापकांनी इमारत तपासून घ्यायची म्हणून शाळेला सुट्टी दिली. साडेआठला आपल्या रेणूचा पुण्याहून फोन आला. नऊ वाजता मी वरच्या खोलीचं कुलूप काढलं. दहाला खाली आले. आता साडेअकरा होत आलेत.

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. लग्न ठरल्यावर तुम्ही दोन पाठवली होतीत. काय लिहावं ते सुचेना, म्हणून मी एकालाही उत्तर दिलं नाही. गणित शिकवणाऱ्या बाईला पत्र कुठलं जमायला? पण आज वर जे कळलं ते दुसऱ्या कुणाला सांगायची माझी छाती होत नाही.

सकाळी सगळी गल्ली रस्त्यावर होती. माझ्या हातात लाटणं तसंच होतं, ते शेजारच्या गंगाबाईंनी बघितलं.

"बाई, लाटणं घेऊन कुणाला मारायला निघालाव?"

"भूकंपाला," त्यांची सून म्हणाली. "बाईंना बघून पळून गेला की."

सगळे हसले. मीही हसले. पण घरात न जाता मी त्यांच्या कट्ट्यावर बसले. मग गंगाबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "वरची खोली एकदा बघून घ्या. साहेबांनी लई वजन ठेवलंय तिथं. स्लॅबला चीर गेली असली तर कळायला पाहिजे. चार महिने झाले, कुलूप लावून किती दिवस बसता?"

त्या चुकीचं बोलत नव्हत्या. पण मला वाटलं, दुसरा धक्का आला तरी चालेल, वर जायला नको.

कारण तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुमचा शर्ट आणायला वर गेले होते. खोलीत कुणी नव्हतं, आणि तुमची रेकॉर्ड फिरत होती. त्या गडबडीत प्लेअर बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. वीज गेली की थांबत असेल, आली की पुन्हा फिरत असेल. आवाज काहीच नाही. नुसती फिरत होती. मी विजेची पिन ओढून काढली, कुलूप लावलं आणि शर्ट न घेताच खाली आले. मी किती घाबरले होते ते रेणूलासुद्धा सांगितलं नाही.

मी घाबरते हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? किल्लारीजवळच्या माझ्या गावात त्या पहाटे आम्ही सहाजण झोपलो होतो आणि चौघं उठलो. मी दहा वर्षांची होते. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये आई रोज एकावर एक ग्लास पालथे रचून ठेवायची. जमीन जरा हलली की ते किणकिणायचे आणि आम्ही बाहेर. तीच सवय मी तुमच्या घरात आणली. तुम्ही कधी हसला नाहीत. माळा रिकामा ठेवायचा म्हटलं, ठेवलात. दाराला फक्त खालची कडी लावायची म्हटलं, तर तेही ऐकलंत.

फक्त त्या रेकॉर्डचं जमेना.

तुमचा तो इंग्रज गिटारवाला मला कधी कळला नाही. त्याचे दोन अल्बम जगभर गाजले म्हणे. ते तुम्ही घेतले नाहीत. जे पडले, ज्यांची नावं लोक विसरले, तेच तुम्ही शोधायचात. मोटारी वाइंडिंग करून हातांना वार्निशचा वास, आणि रविवारी हैदराबादच्या जुन्या बाजारात जमिनीवर बसून धुळीतले गठ्ठे चाळायचे. एकदा मी विचारलं, जे कुणी ऐकलं नाही ते आपण कशाला ऐकायचं?

"गाजलेलं ऐकायला जग हाय," तुम्ही म्हणालात. "पडलेलं कुणी ऐकायचं?"

असे अकरा अल्बम जमले. स्पीकरची खोकी तुम्ही किनवटच्या सागवानाची करून घेतलीत, माझ्या कमरेएवढी. गिऱ्हाइकाचा पंप दुरुस्त करताना जितकी बारकाई, तितकीच तिथे. प्लेअरच्या पायाखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे, कारण मी जिन्यावरून चालले की सुई उडायची. मी चालले की तुमची सुई उडणार, तुम्ही ढोल लावला की माझे ग्लास वाजणार. वीस वर्षं आपला संसार असा चालला.

तुम्ही वरून ओरडायचात, "सुमन, हे ढोल हाईत, जमीन न्हाई. धरतीला एवढा ताल असतोय का?"

मला हसू यायचं, पण तोवर मी अर्ध्या अंगणात पोचलेली असायची.

दोन वर्षांपूर्वी आपल्याकडे वरचेवर धक्के बसू लागले आणि मला ते सहन होईना. मी तुम्हाला म्हटलं, "सारखे ग्लास वाजत राहिले तर खरा धक्का आलेला मला कळणार कसा?" पुढच्या रविवारी हैदराबादहून रेकॉर्डऐवजी हेडफोन आणलात.

एकदा तरी भांडायचं होतंत. "माझं घर आहे, मी लावणार," असं म्हणायचं होतंत. इतकं का ऐकलंत माझं? आणि दोन दिवस आधी डावा खांदा दुखतोय म्हणालात, तेव्हा "मोटार उचलली म्हणून असेल," हेही तुम्हीच म्हणालात. मी बाम काढून दिला.

त्या रविवारी सव्वादहाला चहा पिऊन तुम्ही वर गेलात. मी उंबऱ्यात बसून मेथी निवडत होते. घरात कसलाही आवाज नव्हता. मला आठवतं, मी मनात म्हटलं, किती बरं वाटतंय. साडेअकराला जेवायला हाक मारली. तीनदा मारली. हेडफोन कानाला असणार म्हणून चिडत वर आले, तर तुम्ही खुर्चीत मान टाकलेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ झाला असेल?" मी म्हटलं, "दहा मिनिटं." का म्हटलं? मला खरंच माहीत नव्हतं. पण दहा नाहीत एवढं माहीत होतं. तीच दहा मिनिटं मग रेणूला सांगितली, तुमच्या भावाला सांगितली, भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितली.

आज सकाळी फोनवर रेणू म्हणाली, "आई, तू तिथे एकटी कशाला राहतेस? बाबांच्या रेकॉर्ड त्या हैदराबादच्या जुन्या बाजारातल्या काकांना देऊन टाक आणि इकडे ये."

"बघू," मी म्हटलं.

"तुझं बघू म्हणजे नाहीच. आणि वर एकटी जाऊ नकोस, मी आले की जाऊ." मग जरा थांबून म्हणाली, "तू लगेच वर गेलीस हे तरी बरं झालं गं. बाबा एकटे पडून राहिले नाहीत."

फोन ठेवला आणि किल्ली घेऊन जिना चढले. ती आल्यावर तिच्यासमोर कुलूप काढायचं, याची मला एकटीने काढण्याहून जास्त भीती वाटली.

स्लॅबला चीर नाही. काही पडलेलंही नाही. पडणार कसं? तुम्ही रेकॉर्डचं कपाट गुडघ्याच्या वर जाऊच दिलं नव्हतं. ते माझ्यासाठी होतं, हे मला आज कळतंय. खुर्ची तिथेच. हेडफोन भिंतीशी पडलेला, मी तुमच्या कानांवरून काढून फेकला होता तसाच. आणि प्लेअरवर ती रेकॉर्ड. धूळ बोटभर.

मी वाकून तिचं लेबल वाचलं. पहिली बाजू वर होती.

तुम्ही सुईला कधी थांबू दिलं नाहीत. बाजू संपली की लगेच उठून उलटायचात, सुई झिजते म्हणायचात. पूर्वी स्पीकर होता तेव्हा कधी तुमचा डोळा लागला, तर शेवटच्या रेघेत सुई ठक् ठक् करत राहायची, आणि ते ऐकून माझं डोकं उठायचं. मी खालून ओरडायचे, "संपलंय की, उचला ते." आठवतं?

एका बैठकीला तुम्ही एकच रेकॉर्ड ऐकायचात, म्हणजे त्या दिवशी तुम्ही बाजू उलटलीच नव्हतीत. ती बाजू किती वेळाची, एवढंच कळायचं राहिलं होतं.

मी पदराने धूळ पुसली. स्पीकर वाजावा म्हणून हेडफोनची वायर ओढून काढली, पिन लावली. सुई आधी चर्रकन घसरली. घड्याळात नऊ चोवीस झाले होते. मी चौकटीखाली जाऊन उभी राहिले, लहानपणी शिकवलं होतं तसं, आणि ढोलाची वाट बघू लागले.

ढोल आलाच नाही.

एकच गिटार, आणि एक म्हातारा माणूस हळू आवाजात म्हणतोय. मध्ये एकदा खोकला. खुर्ची करकरल्यासारखं काहीतरी. बस. मला वाटलं पुढे येईल. दुसरं गाणं, तिसरं गाणं. मी जिन्यात अर्ध्यापर्यंत उतरून ओट्याकडे बघितलं. ग्लास हलत नव्हते.

अहो, या रेकॉर्डला हेडफोन लागतच नव्हता. हे तुम्ही मला का सांगितलं नाहीत? "ही हळू हाय, हिचा त्रास न्हाई व्हायचा," एवढं बोलायला काय झालं होतं? की मी सगळ्याच रेकॉर्डला घाबरते म्हटल्यावर तुम्ही सांगणं सोडून दिलंत? आणि मी तरी कधी विचारलं? अकरांपैकी एकही मी कधी बसून ऐकली नाही. खालून फक्त हादरे मोजले.

नऊ त्रेचाळीसला बाजू संपली आणि ठक् ठक् सुरू झालं. जिन्यात उभी असताना ते स्वच्छ ऐकू येत होतं.

एकोणीस मिनिटं. तुम्ही साडेदहाच्या आत सुई ठेवली असणार. म्हणजे हेडफोनऐवजी स्पीकर असता तर अकराच्या आधीच मला ही ठकठक ऐकू आली असती. मी ओरडले असते. तुम्ही उत्तर दिलं नसतंत, म्हणून वर आले असते. मी वर आले साडेअकरानंतर. चाळीस मिनिटं तरी गेली, कदाचित पन्नास. त्या वेळात काही करता आलं असतं का, हे आता कुठलाही डॉक्टर सांगू शकणार नाही, आणि मी विचारणारही नाही. पण ती मिनिटं होती. त्या वेळात मी मेथी निवडत होते आणि मला बरं वाटत होतं.

आयुष्यभर मी आवाजाला घाबरले. आता खालच्या शांततेचीच भीती वाटते. शाळेतून आले की दार उघडताना हात थांबतो.

मी पुण्याला जाणार नाही. रेकॉर्डही कुणाला देणार नाही. रेणू पुढच्या आठवड्यात येईल तेव्हा तिला जिन्यातच सांगेन, दहा मिनिटं नव्हती, मी खोटं बोलले. ती काय म्हणेल, माझ्याशी बोलेल की नाही, माहीत नाही. पण सांगेन, हा माझा तुम्हाला शब्द. आणि तुमच्या बाकीच्या दहा रेकॉर्डही स्पीकरवर ऐकेन, ढोल असलेल्यासुद्धा. घाबरत ऐकेन. धीट होईन असं वचन मी देत नाही, ते मला जमणार नाही.

सकाळची कणीक झाकलेलीच आहे. वर जाऊन दुसरी बाजू लावते, दार उघडं ठेवते आणि खाली येऊन दोन पोळ्या करून घेते. बाजू संपली की मला ओट्यापाशी ऐकू येईल.

तुमची
सुमन