काजळी अजून उठली नाही

जुळे सोलापूर,
२७ एप्रिल

चि. सौ. भार्गवीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

'सौ.' आज पहिल्यांदाच लिहिलं. लिहून झाल्यावर जरा वाकडं दिसलं, पण खोडलं नाही. शिवानंदरावांना नमस्कार सांग. आम्ही दोघं बरे आहोत. ऊन असं तापलंय की अकरानंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. नवा माठ आणला. बाबांचे गुडघे कुरकुरतात, पण जिना चढताना विचारलं की 'काही नाही, काही नाही' ठरलेलं. धुण्याभांड्याला अजून शिवबाईच येते आणि तिच्या तोंडाचा पट्टाही तसाच आहे. हा हुबळीचा पत्ता तुझ्या कॉलेजातल्या आशिषनं दिला. म्हणाला, 'काकू, जुना आहे. ती अजून तिथे असेल याची खात्री नाही.' म्हटलं दे तर खरं, टाकून बघते.

पत्राचं कारण असं, की मी तुझा तो खेळ खेळायला लागले आहे. हसून घे. तोच, कॉम्प्युटरवरचा, ज्यात जगभरातली हजारो माणसं एकाच वेळी एकाच जगात उतरतात, कुणी जादूगार होतं, कुणी तिरंदाज, आणि राक्षस मारत रानोमाळ हिंडतात. वेळ जात नाही म्हणून सुरू केला. आपल्या वरच्या मजल्यावर ऋतुजा नावाची मुलगी राहायला आलीय, घरूनच कंपनीचं काम करते, ती खेळते. तिनं तिचा जुना लॅपटॉप दिला आणि मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून शिकवलं. टेंभुर्णीच्या शाळेत जन्म गेला पोरांना गणित शिकवण्यात, पण शिकायची पाळी आली तेव्हा नाकी नऊ आले. एका हातानं चालायचं आणि दुसऱ्या हातानं मान वळवायची! पहिल्या दिवशी मी एका भिंतीवर चालतच राहिले. ऋतुजा म्हणाली, 'काकू, भिंत आहे.' म्हटलं, दिसतंय की मला, पण वळू कशी ते सांग.

नाव घ्यायचं तर 'प्रभा' आधीच कुणीतरी घेतलेलं. प्रभाताई, प्रभाबाई, सगळ्या गेलेल्या. वैतागून 'टेंभुर्णी' टाकलं. ते अख्ख्या जगात कुणाला नको होतं. तर मी तिथे टेंभुर्णी. हिरवा झगा, हातात काठी, वय विशीचं आणि गुडघे ठणठणीत. गावाबाहेरची दहा रानडुकरं मारा असं तिथला एक म्हातारा सांगतो, ती मारली. नवख्यांना हेच काम देतात म्हणे.

मग मी मेले.

लांडग्यानं मारलं. ऋतुजा म्हणाली होती, त्या बाजूला जाऊ नका, पण मी कधी कुणाचं ऐकलंय. एकदम सगळ्याचा रंग गेला गं. झाडं राखाडी, आभाळ राखाडी, आवाज बंद, नुसता वाऱ्याचा सूं सूं. मी एका टेकडीवर उभी, भोवती थडगी, आणि माझ्या अंगातून पलीकडचं गवत दिसतंय. ऋतुजानं समजावलं, 'घाबरू नका, आता तुम्ही भूत आहात. तुमचा देह जिथे पडलाय तिथवर चालत जायचं, बटण दाबायचं की जिवंत. तोवर जिवंत माणसांना तुम्ही दिसत नाही. मेलेल्यांना फक्त मेलेले दिसतात.' तेवढ्यात तिला कामाचा फोन आला आणि ती वर गेली.

मी एकटीच होते. टेकडीच्या कडेला अजून एक भूत उभं होतं. माझ्याकडे पाठ. जवळ गेले तर डोक्यावर नाव होतं, काजळी.

आत्या तुला रंगावरून काजळी म्हणून चिडवायची आणि तू हट्टानं तेच नाव तिथे घेतलंस. जेवायला हाक मारली की आतून ओरडायचीस, 'आई, काजळी मेली तर तू जबाबदार.' ते नाव मी कशी विसरेन? ती हललीसुद्धा नाही. मीही तशीच बसून राहिले, गॅसवरचं दूध उतू गेलं ते वासावरून कळलं.

आता खरं सांगते. वेळ जात नाही म्हणून नव्हतं ते. मी अधूनमधून तुझा नंबर लावायची आणि तू 'हॅलो' म्हणालीस की ठेवायची. तुला कळत असणारच, कारण तूही लगेच ठेवायची नाहीस. श्रावणापासून 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' असं यायला लागलं. कुणाला विचारू? आशिषला विचारलं, तुझ्या मैत्रिणीला, वैदेहीला विचारलं. दोन वर्षांत तुला कुणी पाहिलेलं नाही. मग वाटलं, तू कुठेही असलीस तरी त्या खेळात जात असशील. दिसलीस तर नुसतं लांबून बघावं. जिवंत माणसांत शोधायला म्हणून गेले आणि तू दिसलीस ती तिथे.

ऋतुजाला आडून आडून विचारलं. ती म्हणाली, जो त्या क्षणी खेळायला बसलेला असतो त्याचीच आकृती दिसते, माणूस उठून गेला की आकृतीही जाते, मेलेला देह मात्र पडल्या जागी राहतो. म्हणजे कुणीतरी कुठेतरी बसलेलं आहे, हे मला समजत होतं. मी गणिताची बाई. पण दुपारी तीनच्या सुमाराला, सगळी कॉलनी चिडीचूप असताना, त्या राखाडी टेकडीवर आपल्या पोरीचं नाव डोक्यावर घेतलेलं भूत पाठ करून उभं असतं, तेव्हा गणित कुठल्या कुठे जातं.

मग माझा रोजचा नेम झाला. बाबा जेवून तुझ्या खोलीत झोपायला जायचे, तिथे गार असतं म्हणायचे, दार लावून घ्यायचे. ते गेले की मी लॅपटॉप उघडायची, लांडग्यांकडे चालत जायची आणि मरायची. काजळी तिथेच. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहायची. चार वाजायच्या आत ती नाहीशी व्हायची.

एकदा शिवबाई भांडी घासता घासता मागे येऊन उभी राहिली. तिनं विचारलं, हे काय? म्हटलं, मेलेली माणसं आहेत, त्यातली एक मी. तिनं हातातली राख तशीच धरून ठेवली. 'वैनी, तुमी काय बी करा, पन त्यांच्याशी बोलू नगा. बोललं की घर बघून ठेवतंय त्ये.' म्हटलं, शिवबाई, खेळ आहे. 'व्हय, खेळ हाय की,' म्हणाली आणि त्या दिवशी चहा न घेता गेली. खेळात लिहून बोलता येतं, पण तोवर मी काजळीला एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. शिवबाईला घाबरून नव्हे. उत्तर आलं तर काय येईल, याला घाबरून.

शेवटी गेल्या सोमवारी लिहिलं. 'भागू, तू आहेस ना?'

काही नाही. मग लिहिलं, 'जिवंत आहेस का, एवढंच सांग.'

काजळी पहिल्यांदा वळली. वळताना अडखळली, पुन्हा उलटी फिरली, पुन्हा वळली. मग तिच्या डोक्यावर अक्षरं उमटली. 'ती नाही. मी आहे. चहा ठेव.'

आणि तुझ्या खोलीची कडी वाजली.

बाबा दारात उभे. मी टेबलाशी. मी खरंच उठले आणि चहा ठेवला, दुसरं काही सुचलंच नाही. चहा होईस्तोवर ते बोलायला लागले. श्रावणात त्यांनीही तुझा नंबर लावला होता म्हणे. मला न सांगता. मग तुझा कॉम्प्युटर सुरू केला, त्यात तुझा खेळ तसाच उघडला, काजळी गावाच्या वेशीवर उभी होती. तिला जरा हलवून बघावं म्हणून बटणं दाबली आणि ती जी चालत सुटली ती थेट रानात. कसलंसं जनावर आलं, आणि सगळं राखाडी झालं. देहाकडे चालत जायचं असतं, हे यांना कोण सांगणार? त्यांना वाटलं, संपली. 'आंघोळ केली तेव्हा नुसतं तोंडानं म्हटलं होतं,' ते म्हणाले, 'या वेळी हातानं केलं.' तेव्हापासून रोज दुपारी तिथे जाऊन बसत होते, ती एकटी नको म्हणून. माझं नाव बघून त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. टेंभुर्णी दुसरी कोण असणार? पण एका घरात, मधे एक भिंत, आणि दोन भुतं शेजारी शेजारी उभी, मुकी.

आंघोळीचं तुला कुणीतरी सांगितलं असेलच, सोलापुरात गोष्टी राहतात थोड्याच. तुमच्या लग्नाचा फोन आला तो रविवार होता. बाबांनी फोन ठेवला, मोरीत गेले, अंगातल्या शर्टासकट डोक्यावर बादली ओतून घेतली. मेलेल्या माणसाची करतात तशी तुझ्या नावानं आंघोळ. शेजारच्यांनाही तसंच सांगितलं. मी केली नाही. माझी सकाळची आंघोळसुद्धा व्हायची होती, ती मी केलीच नाही. दिवसभर मुद्दाम पारोशी राहिले, पारोशानं स्वयंपाक केला, त्यांनी तो मुकाट्यानं जेवला. तो विषय आम्ही पुन्हा कधी काढला नाही. त्या दिवशी चहाबरोबर निघाला.

मी त्यांना म्हटलं, अहो, सोपं आहे, मी दाखवते, देहापाशी जायचं आणि बटण दाबायचं. ते म्हणाले, 'माझ्या हातानं नको.' मी म्हटलं, मग मी दाबते. तर म्हणाले, 'आपल्या दोघांच्याही नको.' माझी चिडचिड झाली. एवढं मेलं बटण ते, त्याचं काय एवढं. पण मीही दाबलं नाही.

आता परवाचं. हेच लिहायला बसले होते आणि बाकीचं लिहीत राहिले.

परवा दुपारी लाइट गेली. दुरुस्तीसाठी पाचपर्यंत नाही असा मेसेज आधीच आला होता. पंखे बंद, घामानं जीव नकोसा. बाबा खोलीतून उठून टेबलाशी येऊन बसले. लॅपटॉपला बॅटरी होती आणि मोबाइलचं नेट जोडायला ऋतुजानं शिकवलंय. म्हटलं, चला, देहाकडचा रस्ता नुसता बघून तरी ठेवा. मी लांडग्यांकडे गेले, मेले, टेकडीवर आले.

काजळी तिथे होती.

बाबा माझ्या शेजारी बसलेले. तुझ्या खोलीतला कॉम्प्युटर काळाठिक्कर, त्याला वीजच नाही. ते उठून बघून आले, परत येऊन बसले. मी त्यांचा हात धरला. तो घामेजलेला असूनही गार होता.

ती वळली. यांच्यासारखी अडखळत नाही, एका फटक्यात. आमच्याकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिली आणि चालायला लागली. मी मागून निघाले. तिला वाट पाठ होती. ओढ्यापाशी पूल सोडून मधूनच गेली, कुंपण आलं तर फाटकाकडे न वळता वरून उडी मारली, आणि सपाट रस्त्यावरसुद्धा उगीचच उड्या मारत मारत चालत होती. तू खेळायचीस तेव्हा मी मागून बघून म्हणायची, सरळ चाल की, माकडासारख्या उड्या कशाला? बाबांनी ते कधी बघितलेलं नव्हतं. मी बघितलं होतं.

रानात तिचा देह पालथा पडलेला होता. ती त्याच्यापाशी जाऊन थांबली. मी लिहिलं, 'भागू?' मग लिहिलं, 'मी आई.' बाबा पहिल्यांदा बोलले. 'तिला लिही, ऊठ म्हणावं.' मी लिहिलं. ती देहाशेजारी खाली बसली, गुडघे मुडपून. बसली ती बसलीच. मग आम्ही बघत असताना नाहीशी झाली आणि त्या राखाडी रानात मी एकटी उरले. लाइट पाचच्या आधीच आली. पंख्याचा आवाज झाला तसे आम्ही दोघंही दचकलो.

ऋतुजा म्हणते, अशी जुनी खाती लोक चोरतात, विकतातसुद्धा, कुणीही परकं असेल. असेलही. पण परक्याला देहापाशी पोचल्यावर बटण न दाबता बसून राहायचं काय कारण? शिवबाईला यातलं काही सांगितलेलं नाही, ती काम सोडून जाईल.

बाबांनी तुझा कॉम्प्युटर बंद ठेवलाय. काजळीच्या नावानं एका वेळी एकालाच आत जाता येतं ना, तुला यायचं असलं तर वाट अडायला नको म्हणून. दुपारी आम्ही दोघं टेबलाशी बसतो आणि मी तिथे जाऊन बघते. देह अजून पडलेला आहे. काल कुणी आलं नाही.

भागू, ती तू असलीस तर ऊठ. पत्र लिहू नकोस, फोन नको, इथे येऊ नकोस. रागव हवं तेवढं. फक्त तेवढं बटण दाब. देह तिथे दिसला नाही की आम्हाला कळेल, मी पुन्हा काही मागणार नाही.

आणि शिवानंदराव, हे पत्र तिच्या हातात देण्यासारखं राहिलं नसेल तर ते तुम्हीच फोडलं असेल. मग दोन ओळी तुम्ही लिहा. आमच्यावरचा राग ठेवा, पण खरं तेच लिहा. वाचायला आम्ही दोघं एकत्र बसू.

तुझी,
आई

खालची ओळ बाबांची आहे. मी सांगितलेलं नाही, त्यांनीच पेन मागून घेतलं.

भागू, ऊठ. मी काही बोलणार नाही.
– बाबा